सीएनजीची गाडी: घाबरायचं कशाला, गॅसला की टाकीला?

बुजराचालक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात एक जुनी गाडी घेतली. मूळची पेट्रोलची, पण आधीच्या मालकाने बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलंय, डिकीत ६० लिटरची लोखंडी टाकी आहे. गाडी चालते छान, तक्रार काहीच नाही, पण दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीयेत. एक म्हणजे संध्याकाळी गॅस भरला की दाबाचा काटा २०० बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) असतो आणि सकाळी बघतो तर १७०, आणि मधे गाडी चाललीय किती तर पंपापासून घरापर्यंत, दीड-दोन किलोमीटर. मग ३० बार गेले कुठे? दुसरं, डिकी उघडली की कधीकधी (नेहमी नाही) सडक्या अंड्यासारखा वास येतो, मिनिटभरात जातो पण.

मेहुणा म्हणतो तू बाँब पाठीशी बांधून फिरतोयस. ऑफिसातला मित्र म्हणतो पेट्रोलपेक्षा सीएनजी शंभर टक्के सेफ, हवेपेक्षा हलका असतो, उडून जातो, टेन्शन घेऊ नको. दोघंही एवढ्या छातीठोकपणे बोलतात की कुणाचं ऐकावं कळेना. आणि जरा बाळबोध प्रश्न वाटेल पण हा गॅस नक्की कुठे तयार होतो, स्वयंपाकाच्या सिलेंडरमधलाच असतो का, की वेगळा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळपाना

मेहुण्याला विचार, तो ज्या गाडीत फिरतो तिच्या मागच्या सीटखाली ४० लिटर पेट्रोल असतं ते काय गुलाबपाणी असतं का 😀

बरं, गंमत राहू दे. स्वयंपाकाच्या सिलेंडरमधला एलपीजी आणि हा सीएनजी, दोन्ही पूर्ण वेगळे. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, थोडासा दाब दिला की त्याचं पाणी होतं, म्हणून सिलेंडर हलवला की आत डुचमळतं. सीएनजी म्हणजे जवळपास सगळा मिथेन, आणि मिथेनला नेहमीच्या तापमानात कितीही दाबा तो गॅसच राहतो, त्याला द्रव करायचं तर उणे ८२ अंशांच्या खाली न्यावंच लागतं. म्हणूनच सीएनजीला २०० बारची जाडजूड टाकी लागते आणि एलपीजीला पातळ पत्र्याची चालते. गळाल्यावरचा फरक पण मोठा. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड, तो जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात, गटारात जाऊन बसतो. मिथेन हवेच्या जेमतेम निम्म्या वजनाचा, वर जातो. तुझ्या मित्राचं उडून जाण्याचं म्हणणं इथून आलंय आणि मोकळ्या जागेत ते बरोबरच आहे.

पेट लागण्याचं म्हणशील तर मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असेल तेव्हाच पेटतो, त्याच्या खाली नाही, वर नाही. पेट्रोलची वाफ दीड टक्क्यालाच तयार असते. आपोआप पेट घ्यायला मिथेनला ५४० अंशांच्या आसपास लागतं, पेट्रोलला त्याच्या निम्मं पुरतं. पण म्हणून ठिणगीला तो दाद देत नाही असं नाही हां. लाइटचं बटण दाबताना आत जी बारीक ठिणगी पडते तेवढी पण पुरते, मिश्रण बरोबर असेल तर.

काट्याचं उत्तर कुणीतरी देईलच, मला कॉफी आणायला जायचंय.

टाकीतज्ञ

मी सिलेंडर तपासणीच्या कामात १४ वर्षं आहे म्हणून जरा मोठा प्रतिसाद लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी काटा. भरताना गॅस टाकीत कोंबला जातो तेव्हा तो तापतो, सायकलच्या पंपाचं तोंड गरम होतं ना तसंच. पंपाची नळी मात्र थंडगार, कधी तिच्यावर बर्फ धरतो, कारण तिथे गॅस पसरतोय. तर तुमच्या टाकीतला गॅस भरून झाला तेव्हा समजा ५०-५५ अंशांवर होता आणि सकाळी २० वर आला, तर एक रेणू बाहेर न जाता २०० चा काटा १७० च्या आसपास येतो. म्हणजे ३० बार कुठे गेले नाहीत, मुळात तुम्हाला पूर्ण टाकी मिळालीच नव्हती. खरी गळती बघायची असेल तर गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळचा आकडा लिहून ठेवा, गाडी हलवू नका आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत बघा. सकाळ ते सकाळ काटा उतरला तर गळती. संध्याकाळ ते सकाळ बघण्यात अर्थ नाही.

आता वास. टाकी बसवलेल्या डिकीत वास येणं हे "कधीकधी" असलं तरी चालवून घ्यायचं नाही. मिथेनला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम घालतात, मर्कॅप्टन जातीची रसायनं असतात ती. ही पद्धत कशी रुळली ते सांगतो. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात गॅस साचला, कुणाला पत्ताच नाही कारण वास नाही, आणि स्फोट झाला, जवळपास ३०० मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसला वास घालणं कायद्याने आलं. प्रमाण असं ठेवतात की गॅस पेटण्याच्या खालच्या पातळीच्या एक पंचमांशाला, म्हणजे हवेत १ टक्का झाला की साध्या नाकाला कळलं पाहिजे. पण नाक सवयीने मरतं. तुम्हाला मिनिटभरात वास गेल्यासारखा वाटतो तो दरवेळी गेलेला असेलच असं नाही, तुमचं नाकच थकलेलं असू शकतं.

आता मेहुण्याचा बाँब. त्याचं म्हणणं चूक आहे पण तो जिथे बोट दाखवतोय ती जागा बरोबर आहे. लोक गॅस पेटेल का याचा विचार करतात, आम्ही दाबाचा करतो. ६० लिटर, २०० बार. नुसती दाबाची ऊर्जा, गॅस न पेटता, दोन-अडीच मेगाज्यूलच्या घरात जाते, एक टनाची गाडी दोनशे मीटर वर उचलता येईल एवढी. टाकी फुटली तर जे काय होतं ते बरंचसं याने होतं, आग नंतर. म्हणून भरताना सगळ्यांना गाडीतून उतरवतात, कारण टाकीत दोष असेल तर तो दाब चढताना, शेवटच्या काही बारात उघड पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. लोक कंटाळा करतात, एसी लावून आत बसतात. उतरा हो.

टाकी मात्र कच्ची नसते. स्टीलची टाकी जोड नसलेली, क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलची, तोंड तापवून आत वळवलेलं, वेल्डिंग कुठेच नाही. कामाचा दाब २००, टेस्ट ३०० बारला, आणि फुटायला कमीत कमी ४५० लागले पाहिजेत असा नमुना फोडून बघतात. वर्षाला १००० वेळा भरणं धरून डिझाइन केलेली असते, जास्तीत जास्त २० वर्षं. उन्हात गाडी तापून दाब २६० पर्यंत गेला तरी तो हिशेबात धरलेला आहे. शिवाय पीआरडी असतो, ११० अंशांच्या आसपास वितळणारा किंवा फुटणारा एक प्लग, आग लागली तर टाकी फुटण्याआधी तो उघडतो आणि गॅस सोडून देतो. सोडतो म्हणजे कसा तर पेटत्या झोताने. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये वासेनार इथे एक सीएनजी बस पेटली होती, टाक्या फुटल्या नाहीत, पीआरडीने काम चोख केलं, पण झोत १५-२० मीटर आडवे गेले रस्त्यावर. प्रवासी आधीच उतरवले होते म्हणून कुणी दगावलं नाही. तेव्हा पेटलेल्या सीएनजी गाडीजवळ उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग टाक्या फुटतात कशाने? माझ्या अनुभवात गंज. २०१६ मध्ये जर्मनीत डुडरस्टाट गावी पंपावर भरतानाच एका कारची टाकी फुटली, चालक जबर जखमी झाला, कारण टाकीला धरलेला गंज. आणि गंज धरतो तो दिसत नाही अशा जागी. माझ्याकडे एकदा एक टाकी आली, वरून नवा चकचकीत रंग, मालक म्हणे बघा कशी जपलीय. पट्टा सोडवला. पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये रबराची पट्टी असायला हवी, तिथे बसवणाऱ्याने कुठल्यातरी जुन्या गादीचा स्पंज घातला होता. तो पाणी पिऊन बसलेला, काढला तर खाली नखाएवढे खड्डे, ओळीने, पट्ट्याच्या रुंदीत. खोली मोजली आणि टाकी बाद केली. बाद टाकीला आम्ही भोक पाडतो म्हणजे ती परत कुणी रंगवून विकणार नाही, तर मालक भोक पाडू देईना, अर्धा तास वाद.

तुम्ही आज एवढंच करा. डिकीतली चटई काढा, टाकीच्या गळ्याजवळ ठोकलेले आकडे बघा, बनवल्याची तारीख आणि शेवटच्या टेस्टची तारीख, फोटो काढून ठेवा. मुदत तुमच्याकडच्या नियमाप्रमाणे, देशोदेशी वेगळी आहे, युरोपात चालणाऱ्या आर ११० नियमात दर ४ वर्षांत एकदा तरी तपासणी, अमेरिकेत ३ वर्षं किंवा ३६ हजार मैल. आणि गॅसच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बघा.

टवाळपाना

वाचनखूण साठवली. स्पंजवाला किस्सा वाचून माझ्या गाडीची डिकी उघडून आलो आत्ता. रबर आहे. हुश्श.

विहीरकाका

गॅस तयार कुठे होतो याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, नोकरी सगळी गॅस प्रक्रियेच्या प्लँटवर गेली.

खरं तर बनवत नाहीत, काढतात. जमिनीखाली किंवा समुद्राखाली खडकात लाखो वर्षांपासून अडकलेला असतो. काही विहिरीत नुसता गॅस असतो, काहीत तेलाबरोबर येतो, आणि जिथे पाइपलाइन नसते तिथे तेलाबरोबरचा गॅस वर नळकांड्यावर जाळून टाकतात, रात्री विमानातून दिसतात त्या ज्वाला. बघून वाईट वाटतं पण न जाळता नुसता सोडला तर आणखी वाईट, मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता धरतो.

विहिरीतून येतो तो माल गाडीत घालायच्या लायकीचा नसतो. त्यात पाणी असतं, वाळू, पेट्रोलसारखं हलकं तेल ज्याला कंडेन्सेट म्हणतात, कार्बन डायऑक्साइड, आणि काही क्षेत्रात हायड्रोजन सल्फाइड. हा शेवटचा राक्षस आहे. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास, जास्त झाला तर वासच येत नाही कारण तो नाकाची नसच बधिर करतो, आणि मग माणूस पडतो. आमच्याकडे प्रत्येकाच्या खिशाला डिटेक्टर लावलेला असायचा, तो वाजला की वाऱ्याची दिशा बघायची, आडव्या दिशेला पळायचं, मागे वळून कोण पडलंय बघायला जायचं नाही श्वासाचं उपकरण घातल्याशिवाय. हे सांगायला सोपं आहे, पाळायला नाही, पहिला माणूस पडतो त्याला उचलायला गेलेला दुसरा पडतो.

तर आधी सेपरेटरमध्ये पाणी आणि तेल खाली बसतं. मग अमाइनचा उंच मनोरा, वरून अमाइनचं पाणी झिरपतं, खालून गॅस चढतो, आणि अमाइन आंबट वायू पकडून घेतं, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड. खाली जाऊन अमाइन तापवलं की ते वायू सोडतं आणि परत कामाला येतं. सल्फाइडचं पुढे पिवळं गंधक करतात. त्यानंतर गॅस वाळवायचा, ग्लायकॉलने. आणि थंड करून त्यातले प्रोपेन, ब्युटेन वेगळे काढले की तो झाला एलपीजी, म्हणजे धागाकर्त्याच्या प्रश्नाला अर्धं "हो" म्हणता येईल, दोन्ही एकाच विहिरीतली भावंडं असू शकतात पण घरं वेगळी. (बाकीचा एलपीजी तेल शुद्धीकरण कारखान्यातून येतो.)

हे सगळं का सांगतोय तर टाकीतज्ञ म्हणतात तो गंज बाहेरचा, आतून पण गंजते टाकी, आणि ते आमच्या हातात असतं. गॅस कोरडा असेल तर त्यातला उरलासुरला सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड स्टीलचं फारसं काही करू शकत नाही. पाणी आलं की दोघं मिळून आम्ल होतात. सल्फाइडने तर नुसता गंज नाही, ताणाखालच्या कडक स्टीलला तडे जातात, वरून काही दिसत नाही. म्हणून गाडीच्या गॅससाठी दव किती तापमानाला धरेल याची मर्यादा घालून दिलेली असते आणि पंपावर कॉम्प्रेसरच्या आधी किंवा नंतर परत एक ड्रायर असतो. साधा स्वयंपाकाचा पाइपचा गॅस थोडा ओला असला तर शेगडीला फरक पडत नाही, २०० बारला पडतो.

पंपावर काय होतं ते थोडक्यात: मोठ्या लाइनमधून किंवा शहराच्या लाइनमधून गॅस येतो, कॉम्प्रेसर तीन-चार टप्प्यात दाबतो, प्रत्येक टप्प्यानंतर गार करतो, २५० बारला टाक्यांच्या तीन गटात साठवतो. तुमची गाडी लागली की आधी कमी दाबाच्या गटातून, मग मधल्या, मग वरच्या. जिथे पाइपलाइन पोचली नाही तिथे ट्रकवर टाक्या लादून नेतात, मुख्य पंपाला मदर आणि त्याला डॉटर स्टेशन म्हणतात. संध्याकाळी गर्दीच्या वेळी डॉटर स्टेशनवर ट्रकमधला दाब उतरत जातो, मग १६०-१७० वरच भरणं थांबतं, लोक भरणाऱ्या पोराशी भांडतात, तो काय करणार बिचारा.

अवांतर: लांब पल्ल्याच्या ट्रकसाठी एलएनजी, उणे १६२ अंशांना द्रव केलेला तोच मिथेन, आकारमान सहाशे पटीने कमी. त्यात वास घालता येत नाही, वासाचं रसायन एवढ्या थंडीत गोठून वेगळं होतं, म्हणून त्या ट्रकवर मिथेनचे डिटेक्टर असतात. आणि सांडला तर सुरुवातीला थंड असल्यामुळे तो जमिनीलगतच राहतो, गरम झाल्यावर वर जातो. "मिथेन हलका असतो" हे वाक्य तिथे पहिली काही मिनिटं खोटं.

बुजराचालक

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार, विहीरकाका तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

अपडेट देतो. चटई काढली. टाकीच्या गळ्याशी आकडे सापडले, मोबाइलचा टॉर्च तिरका धरल्यावर दिसले, वर रंगाचा थर आहे. टाकी ९ वर्षांची, आणि टेस्टची तारीख बनवतानाचीच, म्हणजे एकदाही टेस्ट झालेली नाही. मालकाने मला एक कागद दिला होता त्यावर शिक्का आहे पण त्यावरचा टाकीचा नंबर आणि गळ्यावरचा नंबर जुळत नाही 😡 किट बसवणाऱ्या वर्कशॉपला फोन केला तर म्हणे "चालतं हो, सगळे असंच करतात".

साबणाचं पाणी पण केलं. हात धुवायचा लिक्विड सोप, थोडं पाणी, जुन्या दाढीच्या ब्रशने फेस करून लावला. टाकीच्या व्हॉल्व्हला काही नाही. पण व्हॉल्व्हमधून जी बारीक स्टीलची नळी निघते तिच्या पहिल्या नटापाशी फेस हळूहळू फुगायला लागला, एक फुगा हरभऱ्याएवढा व्हायला मोजून ४० सेकंद, फुटतो, परत दुसरा. बघत बसलो वेड्यासारखा. पाना आहे माझ्याकडे, नट अर्धा फेरा आवळू का? आणि गाडी रात्री बंद गॅरेजमध्ये असते, शटर लावलेलं, ते चालेल का तोपर्यंत?

टाकीतज्ञ

नाही. नाही. आवळू नका.

दाबाखाली असलेला जोड कधीच आवळायचा नाही, हे दहादा लिहितो वाटल्यास. आत फेरूल असतो, म्हणजे धातूची बारीक कडी, नळीवर चावून बसलेली. ती नीट बसलेली नसेल किंवा नळी तिथे घासून पातळ झाली असेल तर तुमच्या अर्ध्या फेऱ्याने ती सुटेल आणि २०० बारची नळी तुमच्या तोंडासमोर चाबकासारखी फिरेल. टाकीचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह असतो, तो बंद करा, गाडी गॅसवर चालू ठेवून नळीतला गॅस संपू द्या, आपोआप पेट्रोलवर येईल. मग पेट्रोलवरच वर्कशॉपला न्या, त्याच वर्कशॉपला नको. नंबर जुळत नसलेला कागद म्हणजे कागदच नाही. टाकी उतरवून हायड्रो टेस्टला पाठवा. पाण्याने करतात ती टेस्ट, कारण पाणी दाबलं जात नाही जवळजवळ, त्यामुळे टाकी फुटली तरी नुसतं भस्सकन पाणी येतं. ३०० बार देतात, किती फुगली मोजतात, दाब काढल्यावर मूळच्या मापाला परत आली का बघतात. परत येत नसेल तर बाद.

आणि बाकी वाचकांसाठी: टाकीवर किंवा टाकीजवळ वेल्डिंग करू देऊ नका, दुसऱ्या कसल्या वायूची टाकी रंगवून सीएनजीला बसवलेली असली तर ती लगेच काढा. काचतंतू किंवा कार्बन गुंडाळलेली हलकी टाकी असेल तर तिच्याशेजारी बॅटरी ठेवू नका, १९९० च्या दशकात अमेरिकेत अशा गुंडाळलेल्या टाक्या आम्लाने तंतू खाल्ल्यामुळे फुटलेल्या आहेत. स्टील निदान गंजून सांगतं तरी.

आकडेमोडबाई

गॅरेजच्या प्रश्नावर हिशेब केला, रविवार आहे आणि काम नाही.

६० लिटरच्या टाकीत थंड असताना २०० बारला साधारण १० किलो गॅस. (ऊर्जेत म्हटलं तर १५ लिटर पेट्रोलच्या जवळपास.) मोकळा सोडला तर त्याचे होतात जवळपास १५ घनमीटर. तुमचं गॅरेज ३ मीटर रुंद, ६ लांब, अडीच उंच धरलं तर ४५ घनमीटर. त्याचे ५ टक्के म्हणजे सव्वादोन घनमीटर, म्हणजे दीड किलो गॅस. म्हणजे टाकीतला सातवा हिस्सा गळाला आणि कुठूनच बाहेर गेला नाही तर अख्खं गॅरेज पेटण्याच्या पातळीवर. पण तो सारखा पसरत नाही, आधी छताखाली थर धरतो, त्यामुळे छताजवळ ५ टक्के खूप आधी होतात. आणि छताला काय असतं? दिवा.

उलट बाजू: वास १ टक्क्याला येतो म्हणजे अख्ख्या गॅरेजला ३०० ग्रॅम पुरले. तुमच्या हरभऱ्याच्या फुग्याचा हिशेब केला तर, फुगा ८ मिलिमीटरचा धरून, पाव मिलिलिटर दर ४० सेकंदाला, दिवसाला अर्धा लिटर गॅस. त्याने ४५ घनमीटरचं काही होत नाही, शटरच्या फटीतूनच निघून जाईल. प्रश्न आजच्या फुग्याचा नाहीये, तो जोड उद्या काय करेल याचा आहे. गाडी बाहेर लावा, व्हॉल्व्ह बंद ठेवा. आणि गॅरेजला वरती, छताच्या लगत जाळी हवी, खाली नाही. बऱ्याच लोकांनी एलपीजीचं ऐकून खाली भोकं पाडलेली असतात.

डिकीतल्या टाकीच्या व्हॉल्व्हवर प्लास्टिकची पिशवी किंवा डबा असतो ना, जाड नळ्या गाडीच्या खाली सोडलेला, तो आहे का तुमच्याकडे? गळालेला गॅस डिकीत न येता बाहेर जावा म्हणून असतो. वास येतोय म्हणजे तो फाटलाय किंवा नाहीच.

शंकासुर

सगळे सेफ्टीवर बोलताय, पण हा गॅस "स्वच्छ" आहे हे कुणी ठरवलं? विहिरीपासून पंपापर्यंत गळतोच की.

विहीरकाका

शंका रास्त आहे. जळताना तेवढ्याच ऊर्जेला पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिस्सा कमी कार्बन डायऑक्साइड निघतो, धूर काजळी जवळपास नाही. पण न जळता गळालेला मिथेन २० वर्षांच्या हिशेबात ८० पट भारी पडतो, त्यामुळे वाटेत दोन-चार टक्के जरी गळाला तरी तो पाव हिस्सा खाऊन टाकतो. काढण्याचे पण भोग आहेत. नेदरलँड्सचं ग्रोनिंगेनचं क्षेत्र, १९५९ ला सापडलं, युरोपातलं सगळ्यात मोठ्यांपैकी, गॅस काढून काढून जमीन खचली, भूकंप व्हायला लागले, घरांना तडे गेले, शेवटी २०२३ ला उत्पादन थांबवलं.

शेण, कचरा, सांडपाणी यातून येणारा बायोगॅस असतो त्यात मिथेन निम्मा किंवा थोडा जास्त, बाकी कार्बन डायऑक्साइड, तो धुऊन काढला की हाच गॅस, हीच टाकी, हीच नळी. तिथे मात्र ओलावा आणि सल्फाइड दोन्ही भरपूर, म्हणजे माझं अमाइन-ड्रायरचं पुराण परत लागू. छोट्या प्लँटमध्ये तेच पहिलं टाळलं जातं.

बुजराचालक

उशिरा अपडेट देतोय, पंधरा दिवस गाडी पेट्रोलवरच होती.

आकडेमोडबाई, पिशवी होती, पण व्हॉल्व्हवर नुसती अडकवलेली, क्लिपच नाही, आणि तिची नळी गाडीखाली न सोडता चटईखाली दाबून ठेवलेली. म्हणजे जेवढा गळत होता तेवढा डिकीतच. दुसऱ्या वर्कशॉपवाल्याने नळी काढून हातात दिली, फेरूलच्या मागे डिकीच्या पत्र्याच्या कडेला घासून चकचकीत चर पडलाय, नखाने लागतो. ती नळी घरी आणलीय, मेहुण्याला दाखवली, तो गप्प बसला.

टाकी पास झाली. पट्ट्याखाली वरवरचा गंज होता, खड्डे नाहीत, गळ्यावर नवी तारीख ठोकून आली. नळी नवी, रबर नवं, पिशवीला क्लिप. पहिलं वर्कशॉप फोन उचलत नाही.

आणि टाकीतज्ञ, तुम्ही सांगितलं तसं केलं. भरल्यावर २००, पहिल्या सकाळी १७२, गाडी हलवली नाही, दुसऱ्या सकाळी १७२, तिसऱ्या सकाळी १७१, पण त्या दिवशी जरा गार होतं.